दात मोजणारा माणूस

आमच्या आष्ट्यात माणूस भर दुपारी गच्चीवर उभा राहून आभाळाकडं बघायला लागला, की लोक दोनच अर्थ काढतात. एकतर पाऊस लांबलाय, नाहीतर माणूस कामातनं गेलाय. मी दोन महिने चिमट्यात नखाएवढा कागद धरून उन्हाकडं बघतोय आणि पाऊस यंदा वेळेवर झालाय.

सगळं सुरू झालं माळ्यावरच्या ट्रंकेपासनं. आजोबांची पत्रं निघाली. काही पत्त्यांवर 'जि. सातारा', काहींवर 'जि. दक्षिण सातारा', वरच्या थरात 'जि. सांगली'. घर जागचं हललं नाही, पण १९४९ ला जिल्हा फुटला आणि १९६० ला त्याचं नाव बदललं. मी मात्र पत्त्यांकडं ढुंकूनही बघितलं नाही. मला तिकिटं पाहिजे होती. पहिल्या दिवशी एक पोस्टकार्ड ताटात भिजत घातलं. तासाभरात शाई सुटली, कार्डाचा लगदा झाला, पण तिकीट काही सुटेना. पोस्टकार्डाचं तिकीट कार्डावरच छापलेलं असतं, हे मला वयाच्या बावन्नाव्या वर्षी कळलं.

मग रीतसर अभ्यासाला लागलो. एकसारखी दिसणारी दोन तिकिटं एक नसतात, हा या छंदातला पहिला धडा. त्यांचे दात मोजायचे. दात म्हणजे कडेच्या भोकांमुळं होतात ते. दोन सेंटीमीटरात किती बसतात तो आकडा. सहाव्या जॉर्जच्या तिकिटाला आडव्या बाजूला साडेतेरा आणि उभ्या बाजूला चौदा पाहिजेत. माझ्या पट्टीवर ते कधी तेरा यायचे, कधी पंधरा. शेवटी ध्यानात आलं, की चष्मा जवळचा न घालता मी लांबचाच घालून बसत होतो.

दुसरा धडा वॉटरमार्कचा. कागद ओला असतानाच त्यात नक्षी दाबतात, तिथं तो पातळ राहतो. पाचव्या जॉर्जच्या तिकिटात एकच तारा दिसला तर छपाई लंडनची. ताऱ्यांचा सडा दिसला तर नाशिकरोडची, कारण १९२६ पासनं तिकिटं तिथं छापायला लागले. स्वातंत्र्य आलं तरी तारे हलले नाहीत. १ एप्रिल १९५७ ला नये पैसे आले, तेव्हा नकाशाच्या तिकिटांतही तेच तारे होते. सारनाथचे सिंह आत शिरले ते १९५८ पासनं. म्हणजे दोन नये पैशांचं तपकिरी तिकीट तारेवालं वेगळं, सिंहवालं वेगळं. उन्हात दिसत नसेल तर काळ्या ताटलीत बेंझिनचे दोन थेंब टाकायचे. मी ही ताटली स्वयंपाकघरात मांडली, तेव्हा बायकोनं तव्यावरची भाकरी तशीच सोडून आधी गॅस बंद केला आणि मग मला बाहेर काढलं. दोन्ही गोष्टी योग्यच होत्या. वर आणखी काही तिकिटांची शाई बेंझिनमध्ये उतरते, हे ती उतरल्यावर कळलं.

आता खरी गोष्ट. १९४२ साली दीड आण्याचं जांभळं तिकीट निघालं. पहिल्यांदा ते लिथोनं छापलं, पुढं टायपोनं. चित्र तेच, राजा तोच. लिथोतली रेघ नाजूक आणि सपाट. टायपोत शाई दाबानं रेघेच्या काठाला ढकलली जाते, तिथं गडद किनार येते, आणि कधी पाठीवर बोट फिरवलं तर ठसा लागतो. सराफाकडं मागून आणलेलं भिंग लावून मी तीन रात्री राजाच्या गालावरच्या रेघा बघितल्या. एवढं निरखून मी लग्नात मुलगीसुद्धा बघितली नव्हती.

तिसऱ्या रात्री एका राजाच्या कपाळावर लाल ठिपका दिसला. बरोबर मध्यभागी. माझे हातपाय कापायला लागले. १८५४ साली कलकत्त्याला चार आण्याच्या तिकिटात राणीचं डोकं उलटं छापलं गेलं, त्या तिकिटांना आज जगात मान आहे. माझ्या राजाचं डोकं सुलटं होतं, पण कपाळावर दुसऱ्या रंगाची शाई! झोप कुठली लागतेय? मनातल्या मनात विहिरीवर नवी मोटार बसवून झाली.

सकाळी तिकीट घेऊन आत्तीकडं गेलो. तिचं वय नव्वदच्या पुढं आहे, पण नजर माझ्या भिंगापेक्षा बरी. तिनं तिकीट घेतलं, नाकाशी धरलं आणि म्हणाली, "आरं, कुक्कू हाय की ह्ये."

"राजाला?"

"लग्नाच्या पत्राला लावत्यात न्हवं? बोट वाईच वर सरकलं आसंल."

आसपासच्या गावांत पत्री सरकार चालू होतं त्या काळात कुणीतरी इंग्रजांच्या राजाला कुंकू लावून पोस्टात टाकलं होतं, आणि टपालखात्यानं ते तसंच आष्ट्यात आणून पोचवलं होतं.

आत्ती बराच वेळ तिकीट उलटंसुलटं करत होती. मग म्हणाली, "कुणाच्या घरचं लगीन रं? माज्या थोरल्या भणीचं असंल बग. पाकीट कुटं हाय?"

पाकीट बंबात गेलं होतं. तिकीट कापून घेतल्यावर उरलेली सगळी पाकिटं मी त्याच आठवड्यात अंघोळीच्या पाण्याखाली घातली होती. पत्ता, शिक्का, तारीख, आतली पत्रिका, सगळं. तिकीट तेवढं आहे. टायपोचं, नेहमीच्यातलं.

तुमच्याही माळ्यावर अशी ट्रंक असेल, तर एवढं ऐका. कात्री लावू नका, पाण्यात घालू नका. पाकीट आहे तसं ठेवा, आणि घरात आत्ती असेल तर आधी तिला दाखवा.