पहिला माज : गृहस्थांसाठी काही शास्त्रशुद्ध सूचना

प्रस्तुत मार्गदर्शिकेत 'गृहस्थ' या संज्ञेने असा पुरुष अभिप्रेत आहे, ज्याने घरात मांजर आणण्यास ठाम विरोध केला होता, ज्याच्याच पांघरुणात ते मांजर आता झोपते आणि ज्याच्या होकारावाचून त्या मांजराच्या ऑपरेशनची तारीख अडून बसली आहे. 'भाटी' म्हणजे मादी मांजर, 'बोका' म्हणजे नर, आणि 'माज' म्हणजे अंडाशयातील संप्रेरकांच्या प्रभावाने येणारा तो काळ, ज्यात भाटी बोक्याला जवळ येऊ देते. गोठ्यात ही गोष्ट सकाळच्या दुधाच्या हिशेबाबरोबर मोठ्याने सांगितली जाते. तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये मात्र गृहस्थ डॉक्टरांना फोन लावून, स्वयंपाकघराकडे पाठ करून, 'तिला जरा बरं वाटत नाहीये' एवढेच सांगतो आणि मग पोटदुखीचे औषध मिळाले म्हणून डॉक्टरांना नावे ठेवतो.

नियम पहिला. पिल्लू नर आहे की मादी, हे प्रथम निश्चित करावे. शेपटी उचलून पाहिले असता मादीत गुदद्वार आणि त्याखालचे जननद्वार यांतील अंतर अगदी थोडे असते व खालचा भाग उभ्या फटीसारखा दिसतो. नरात हे अंतर अधिक असून मध्ये वृषणांची जागा असते व खालचे छिद्र गोल असते. पांढरा, काळा आणि नारिंगी असे तिन्ही रंग एका अंगावर असतील तर ते पिल्लू जवळजवळ नेहमीच मादी असते, कारण रंग नारिंगी की काळा हे ठरवणारे जनुक एक्स गुणसूत्रावर असते आणि हे दोन्ही रंग एकत्र उमटायला दोन एक्स लागतात. गृहस्थ ही परीक्षा संकोचाने टाळतो आणि चेहरा पाहून 'बोकाच आहे हो, रुबाब बघा की' असा निकाल देतो, ज्यामुळे कित्येक घरांतील बाजीराव पाचव्या महिन्यात फरशीवर लोळून गळा काढू लागतात आणि लसीकरणाच्या कार्डावर खाडाखोड करावी लागते.

नियम दुसरा. वेळेचा अंदाज पंचांगावरून बांधू नये. भाटी साधारणपणे पाच ते नऊ महिन्यांच्या दरम्यान वयात येते, परंतु चौथ्या महिन्यातच माजावर आलेल्या भाट्याही असतात, आणि दिसायला ते अजून पिल्लूच असते ही सबब तिच्या अंडाशयांना मान्य नसते. तिचा ऋतू दिवसाच्या लांबीवर अवलंबून असतो: रोज बारा तासांहून अधिक उजेड मिळू लागला की मेंदू अंडाशयांना जागे करतो, म्हणूनच संक्रांतीनंतर दिवस तिळातिळाने वाढू लागला की गल्लीतील बोक्यांची रात्रपाळी सुरू होते. मुंबईत सर्वांत लहान दिवस सुमारे अकरा तासांचा आणि सर्वांत मोठा सव्वातेरा तासांचा, म्हणजे थंड देशांइतका हा फरक मोठा नाही. त्यात घरातील ट्यूबलाइट मालिकांच्या कृपेने रात्री अकरापर्यंत जळत असल्याने फ्लॅटमधील भाटीला बारमाही उन्हाळाच असतो. 'दिवाळीनंतर बघू' हा गृहस्थाचा आवडता मुहूर्त या कारणास्तव शास्त्राला अमान्य आहे. दिवाळीनंतर तो 'लग्नसराई उरकू दे' असे म्हणतो, लग्नसराईनंतर मुलांच्या परीक्षा असतात, आणि परीक्षांनंतर बहुधा कपाटातल्या पैठणीवर चार पिल्ले असतात.

नियम तिसरा, लक्षणांविषयी. कुत्रीप्रमाणे भाटीला माजात रक्तस्राव होत नाही, त्यामुळे रक्ताची वाट पाहत बसणाऱ्यास काहीच कळत नाही. भाटीचे रक्त दिसले तर तो माज नसून दवाखान्यात जाण्याचे कारण आहे. खरी लक्षणे ध्वनी आणि आसन यांची असतात. ती खालच्या पट्टीत सुरू होऊन वर चढणारा, लहान मूल रडल्यासारखा लांबलचक सूर लावते, आणि तो विशेषतः पहाटे तीनच्या सुमारास, बेडरूमच्या दारापाशी लावते. टेबलाचे पाय, दाराची चौकट, पाहुण्यांच्या पिंढऱ्या, जे सापडेल त्याला गाल घासते; फरशीवर एका कुशीवरून दुसऱ्या कुशीवर लोळते; खाणे अर्धे टाकते; कधी उभ्याने भिंतीवर मूत्राची पिचकारीही मारते. पाठीच्या शेवटी, शेपटीच्या अलीकडे, हात ठेवला की पुढचे अंग जमिनीला टेकते, मागचे अंग वर उचलले जाते, शेपटी एका बाजूला सरकते आणि मागचे पाय जागच्या जागी टपटप पडू लागतात. या आसनास शास्त्रात 'लॉर्डोसिस' म्हणतात. गृहस्थाच्या मते हा कमरेचा लचका असतो. त्याने व्हिडिओ काढलेला असतो, तो नात्यातील ग्रुपवर टाकलेला असतो, आणि त्याखाली 'पॅरालिसिस आहे', 'जंत आहेत', 'नजर लागली' अशी तीन मते आलेली असतात. या सर्व काळात कोपऱ्यात शेंगा सोलत बसलेली आजी मान वर न करता 'माजावर आलीय ती' असे म्हणते. परंतु आजीचे शिक्षण चौथीपर्यंत झालेले असल्याने तिच्याकडे दुर्लक्ष होते.

नियम चौथा. हा त्रास एकदा होऊन थांबतो, असे मानू नये. माज साधारण आठवडाभर टिकतो आणि समागम न झाल्यास दोन-तीन आठवड्यांत पुन्हा येतो, कारण भाटीचे अंडमोचन, म्हणजे अंडाशयातून अंडे सुटणे, बहुतेक वेळा समागमानंतरच घडते. तो घडेपर्यंत शरीर पुन्हा पुन्हा तीच तयारी करत राहते. एका माजात ती अनेक बोक्यांना जवळ करू शकते आणि एकाच वेताच्या पिल्लांचे बाप वेगवेगळे असू शकतात, हे वाचून गृहस्थाने वर्तमानपत्र तोंडासमोर धरू नये. सोबत वाढलेला सख्खा भाऊ हाही या हिशेबात बोकाच धरावा.

माजाच्या काळात दारे, खिडक्या आणि डक्टकडे उघडणारी बाथरूमची फट बंद ठेवावी. मच्छरजाळी हा अडथळा नव्हे. ती नखांनी फाटते, आणि माजावरची भाटी चौथ्या मजल्याच्या सज्जावरही उतरून पाहते. इकडे खाली पार्किंगमध्ये तीन बोके मुक्कामाला येतात, स्कूटरच्या सीटांवर आपापल्या सह्या करतात, आणि त्यांचा वास पेट्रोलवर मात करतो. मग सोसायटीची समिती नोटीस काढते, तीत वॉचमनचा दोष दाखवते, आणि ज्याच्या घरातून हे आमंत्रण गेले तो गृहस्थ सभेत सर्वांत पुढच्या खुर्चीवर बसून भटक्या जनावरांच्या उपद्रवाविषयी बोलतो.

नियम पाचवा. 'एकदा तरी आई होऊ दे' असे म्हणणाऱ्याकडून दोन पिल्ले नेण्याचे हमीपत्र घ्यावे.

या नियमाला विस्ताराची गरज नव्हती. परंतु हे वाक्य इतक्या घरांत, इतक्या गहिवराने उच्चारले जाते की दोन शब्द लिहावेच लागतात. एकदा व्यायल्याने भाटीच्या प्रकृतीला कोणताही लाभ होत नाही. गर्भ सुमारे नऊ आठवडे राहतो, तेव्हा पाचव्या महिन्यात फळलेली भाटी सातव्या महिन्यात, स्वतःची वाढ पुरी होण्याआधीच, तीन-चार पिल्लांची आई होते, आणि पिल्ले अंगावर पीत असतानाच पुन्हा माजावर येऊ शकते. ती पिल्लांना सात घरे फिरवते असे म्हणतात. त्यानंतरची सत्तर घरे मात्र घरातल्या बाईला फोनवरून फिरावी लागतात, आणि त्या वेळी मातृत्वाची महती सांगणारा एकही मनुष्य फोन उचलत नाही. 'निसर्गाच्या विरुद्ध आहे' हा आक्षेपही असाच. तो एअर कंडिशनर अठरावर ठेवून घेतलेला असतो.

नियम सहावा, शस्त्रक्रियेच्या काळाविषयी. भाटीची नसबंदी म्हणजे पूर्ण भूल देऊन दोन्ही अंडाशये व बहुधा गर्भाशयही काढून टाकणे. छेद पोटाच्या मध्यरेषेवर किंवा कुशीवर घेतात. पहिला माज येऊ देण्याची वाट पाहण्यास आधार नाही. पाच महिन्यांच्या आत, लसीकरण झाल्यावर, हे काम उरकणे उत्तम. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात सहा महिन्यांपूर्वी शस्त्रक्रिया झालेल्या भाट्यांमध्ये स्तनांच्या कर्करोगाचा धोका ९१ टक्क्यांनी आणि वर्षाच्या आत झालेल्यांमध्ये ८६ टक्क्यांनी कमी आढळला, तर दुसऱ्या वर्षी केल्यास हा लाभ जवळजवळ उरत नाही. मांजरांतील स्तनांच्या गाठी बहुतांशी घातक निघतात, म्हणून हे आकडे हसण्यावारी नेऊ नयेत. शिवाय गर्भाशयात पू साठण्याचा 'पायोमेट्रा' नावाचा जीवघेणा आजारही गर्भाशय व अंडाशयांबरोबरच जातो. तारीख येण्यापूर्वीच माज आला, तर रक्तवाहिन्या फुगलेल्या असल्याने पुष्कळ डॉक्टर तो ओसरेपर्यंत थांबतात, काही थांबत नाहीत, निर्णय त्यांचा. ती मधल्या काळात एखादी रात्र बाहेर काढून आली असेल तर ते मात्र डॉक्टरांना स्पष्ट सांगावे, कारण स्तनाग्रे गुलाबी होण्याची पहिली खूण तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास दिसते आणि तोवर गृहस्थाच्या 'छे, शक्यच नाही' याखेरीज पुरावा नसतो. माज थांबवणाऱ्या संप्रेरकांच्या गोळ्या परस्पर देऊ नयेत. त्यांनी गर्भाशयाचे आणि स्तनांचे विकार ओढवतात.

नियम सातवा. शस्त्रक्रियेपूर्वीचा उपास हा एकादशीचा नव्हे. भुलेत उलटी झाली तर ती फुप्फुसांत जाऊ शकते म्हणून पोट रिकामे हवे, यात 'दूध चालतं उपासाला' हे कलम बसत नाही, आणि येथे आजीचा अनुभव गैरलागू असल्याने तिच्यावर लक्ष ठेवावे. उलट पक्षी, लहान पिल्लाला रात्रभर कडकडीत उपाशी ठेवले तर त्याच्या रक्तातील साखर उतरते. म्हणून किती तास उपाशी ठेवायचे ते वय व वजन सांगून डॉक्टरांकडून विचारून घ्यावे.

नियम आठवा. नेताना भाजीची पिशवी चालत नाही.

नियम नववा, घरी आणल्यानंतर. ती डोळे उघडे ठेवून पडते, चालताना मागचे पाय फाकतात, तिसरी पापणी डोळ्यावर अर्धी आलेली दिसते, आणि हे पाहून गृहस्थाचा धीर पूर्णपणे सुटतो. तो डॉक्टरांना सहा वेळा फोन करतो, ऑफिसला 'घरी पेशंट आहे' असे कळवतो, आणि ज्या जमिनीवर बसणे त्याच्या गुडघ्यांना वर्ज्य होते तेथेच सतरंजी टाकून बसतो. बसू द्यावे, ऊब देणे उपयोगाचेच असते. उंचावर चढू देऊ नये, टाके चाटू देऊ नयेत. त्यासाठी गळ्यात घालायची प्लॅस्टिकची कॉलर मिळते, जी घातल्यावर भाटी उलटी चालत जाऊन सोफ्याखाली अडकते, म्हणून काही घरांत आजी जुन्या बनियनला चार पायांसाठी चार भोके पाडून अंगरखा शिवते आणि तो दुकानातल्यापेक्षा बरा बसतो. दुखते म्हणून माणसांची गोळी देऊ नये. पॅरासिटामॉल मांजराच्या यकृताला पचवता येत नाही, रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्ती त्याने नष्ट होते आणि गोळीचा तुकडाही जीव घेऊ शकतो. या वाक्यात विनोद नाही. फिनेलने पुसलेल्या ओल्या फरशीवरही तिला सोडू नये, कारण पाय चाटताना ते पोटात जाते. टाके काढायचे असल्यास साधारण दहा ते बारा दिवसांनी काढतात. जखम सुजली, ओली राहिली, किंवा दुसऱ्या दिवशीही ती खाईना, तर ग्रुपवर फोटो न टाकता दवाखाना गाठावा.

नियम दहावा. शस्त्रक्रियेनंतर भाटीची भूक वाढते आणि शरीराची गरज मात्र पाव हिश्श्याने किंवा त्याहून थोडी अधिकच घटते, म्हणून आहार मोजून द्यावा आणि दर महिन्याला वजन करावे. हा नियम पाळला जात नाही. घरातील प्रत्येक जण 'मी काहीच दिलं नाही' असे शपथेवर सांगतो, तरी तीन महिन्यांत भाटी खिडकीच्या कट्ट्यावर मावेनाशी होते, आणि रात्री साडेअकराला स्वयंपाकघरात दिवा लागून फ्रिजचे दार उघडल्याचा आवाज येतो. 'अहो, काय करताय तिकडे?' या प्रश्नाला 'पाणी प्यायला आलो होतो' असे उत्तर मिळते. सकाळी बांगड्याच्या डब्यातील दोन तुकडे कमी भरतात.