आहे-का सर

जूनचा शेवटचा आठवडा. विदर्भातल्या शाळा बाकीच्या महाराष्ट्राच्या मागाहून उघडतात, आणि उघडल्या की धामणगाव रेल्वेतल्या पुस्तकांच्या दुकानांवर टोळधाड येते. आठवीचा संच, नववीची गाइडे, दोनशे पानी वह्यांचे डझन, खाकी कव्हरे, लेबले. काउंटरवर आठ हात आणि प्रत्येक हातात एक यादी. नेमक्या अशा वेळी गर्दीच्या मागून एक स्वच्छ, धीमा, प्रमाण मराठीतला आवाज येतो, “रस्टवर काही आहे का?”

“नाई सर,” दुकानदार मान वर न करता म्हणतो. त्याने प्रश्न ऐकलेलाही नसतो. गेली तीस वर्षे उत्तर तेच असल्यावर प्रश्न ऐकायचा कशाला?

हे आहे-का सर. खरे नाव आता मतदारयादीत आणि पेन्शनच्या कागदांवर तेवढे उरले आहे. गणिताचे शिक्षक म्हणून निवृत्त झाले. कोणी जुनी नाणी जमवतो, कोणी कॅसेटी. सरांना नाद आहे तो संगणकाच्या अशा भाषांचा, ज्या पंचक्रोशीत दुसऱ्या कोणालाच येत नाहीत. त्या भाषांचे छापील पुस्तक त्यांना दुकानातूनच हवे असते. असे सर एकट्या धामणगावात असतात असे नाही. पुलगावला एखादा निघेल, मूर्तिजापूरला निघेल. खांद्याला कापडी पिशवी आणि खिशात चिठ्ठी, एवढ्या खुणेवर तो ओळखू येतो.

चिठ्ठी मात्र पाहण्यासारखी असते. फळ्यावरच्या वळणदार अक्षरात पुस्तकाचे नाव, लेखक, प्रकाशक आणि खाली आयएसबीएन क्रमांक. हा क्रमांक २००७ पासून तेरा आकडी झाला, त्याआधी दहा आकडी होता. हास्केल या भाषेच्या जुन्या पुस्तकाची अशीच एक चिठ्ठी दुकानातल्या नव्या पोऱ्याच्या हाती पडली. दहा आकडे पाहून त्याने सरळ फोन लावला. पलीकडच्या माणसाला त्याने अत्यंत अदबीने विचारले, “तुमच्याकडे हास्केल आहे काय?” पलीकडून जे उत्तर आले ते पोऱ्याने सरांना सांगितले नाही.

खरे तर संगणकाच्या भाषा शिकायला धामणगावइतके सोयीचे गाव नाही, असे सरांचे म्हणणे आहे. त्याला ते गावाच्या नावाचा दाखला देतात. बुलढाण्याकडे धामणगाव बढे, आपल्याच अमरावती जिल्ह्यात धामणगाव गढी आणि हे धामणगाव रेल्वे. शेजारी चांदूर रेल्वे, तर तिकडे चांदूर बाजार. एकाच नावाच्या दोन गोष्टी आल्या की मागे शेपूट लावून घोटाळा मिटवायचा. मोठमोठ्या कंपन्यांचे प्रोग्रामर याला ‘नेमस्पेस’ म्हणतात आणि त्यासाठी जाडजूड पुस्तके वाचतात. “आपल्या टपालवाल्याला हे कधीचे येते,” सर म्हणतात.

नादाची सुरुवात प्रोलॉगपासून झाली. ही भाषा १९७२ साली फ्रान्सातल्या मार्सेयला जन्मली. दहा वर्षांनी जपानने ‘पाचव्या पिढीचा संगणक’ बांधायला घेतला आणि त्याचा पाया तर्कावर चालणाऱ्या भाषांवर घातला, तेव्हा जगभर तिचा बोलबाला झाला. ती बातमी यथावकाश धामणगावला पोचली. त्या वेळी सरांच्या घरी संगणक नव्हता, शाळेत नव्हता आणि ओळखीत कोणाकडेही नव्हता. पण स्वयंपाक शिकायला आधी चूल कशाला, पुस्तक वाचून मग चूल मांडू, अशा हिशेबाने सर दुकानात गेले. जपानचा प्रकल्प पुढे गुंडाळला गेला. सरांचा अजून चालू आहे.

मग पास्कल. निकलाउस विर्थ या स्विस प्राध्यापकाने १९७० साली ती भाषा काढली आणि तिला फ्रेंच गणितज्ञाचे नाव दिले. दुकानदाराने “पास्कल ना? आहे ना!” म्हणत अकरावीचे भौतिकशास्त्र काढून द्रवाच्या दाबाचे पान उघडून दिले. त्यानंतर स्कीम. अमेरिकेतल्या एमआयटीत १९७५ साली तयार झालेली, लहानखुरी, नेटकी भाषा. सरांनी “स्कीमचं पुस्तक” म्हणताच समोर आले ‘शासनाच्या विविध योजना’, स्पर्धा परीक्षांसाठी उपयुक्त. सरांनी तेही विकत घेतले. त्यातून शेजाऱ्याला विहिरीच्या अनुदानाचा अर्ज कसा करायचा ते कळले. संगणकाच्या भाषेपायी गावात पाणी आल्याचे हे एकमेव उदाहरण.

दुकानदाराला मात्र दोष देता येत नाही. त्याचे दुकान अभ्यासक्रमावर चालते. बारावीच्या कॉम्प्युटर सायन्सला सी प्लस प्लस लागले, ते ठेवले. २००१ साली एमएस-सीआयटी निघाली, तिची पुस्तके ठेवली. तलाठी भरती, पोलीस भरती, टीईटी यांना तर दारातली जागा. अभ्यासक्रम बदलला की उरलेला गठ्ठा रद्दीच्या भावाने जातो, ही भीती त्याच्या पोटात कायम. त्यात सरांनी एकदा प्रामाणिकपणे सांगून टाकले की रस्ट या भाषेची नवी आवृत्ती दर सहा आठवड्यांनी निघते. दुकानदाराने कानाला हात लावले. “सा वर्सानं सिल्याबस बदलला तरी मले झोप येत नाई बाप्पा. सा हप्त्यानं बदलनारं मी काहून ठेवू?”

आणि सरांनी अडून बसायचे कारण तरी काय? ‘सी’ भाषा तर विदर्भाच्या घरचीच आहे. ‘लेट अस सी’ हे देशभरातल्या इंजिनिअरिंगच्या पोरांनी उराशी धरलेले पुस्तक लिहिणारे यशवंत कानेटकर नागपूरचे. दिल्लीच्या बीपीबीने छापलेले ते पुस्तक कुठेही मिळते. त्याच्या नावातला इंग्रजी श्लेष दुकानदाराने नकळत व्यवहारात उतरवला आहे. सरांनी कुठलीही भाषा मागितली की तो “पाहू” म्हणतो आणि आत जाऊन तेच घेऊन येतो. सरांकडे आजवर त्याच्या चार प्रती जमल्या आहेत, सगळ्या ‘पाहू’मधून.

गावात नाही म्हटल्यावर सरांचा शोध रेल्वेने निघतो. नाहीतरी गावच्या नावातच रेल्वे आहे. १८६७ साली ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे नागपूरला पोचली, यवतमाळकडचा कापूस धामणगावच्या स्टेशनावर चढू लागला. त्या वाटेने गाठी गेल्या, सर रिकामी पिशवी घेऊन जातात. नागपूरला सीताबर्डी, म्हणजे नुसते ‘बर्डी’. पुण्याला अप्पा बळवंत चौक. तिथे इतकी दुकाने पाहून सरांना भरून आले. पण प्रत्येक दुकानात अभ्यासक्रम तोच, फक्त पत्ता वेगळा. मुंबईला फ्लोरा फाउंटनच्या पदपथावर तासभर उकिडवे बसून त्यांनी एक लिस्पचे पुस्तक मिळवले. त्यातली शेवटची चाळीस पाने नव्हती. लिस्पमध्ये कंस इतके असतात की ते सगळे शेवटीच मिटतात; सरांच्या पुस्तकातले अजून उघडेच आहेत. १९४८ पासून चाललेले स्ट्रँड बुक स्टॉल २०१८ साली बंद झाले, ती बातमी वाचून सरांनी त्या दिवशी चहा घेतला नाही.

आता रस्टचे. इंग्रजीत रस्ट म्हणजे गंज, हे सर्वांना ठाऊक. पण वऱ्हाडात दुकान टाकून बसलेल्या माणसाला रस्ट म्हटले की गंज आठवत नाही, तांबेरा आठवतो. गव्हाच्या पानांवर पडणारा तो तांबूस रोग. त्याने लगबगीने पिकांवरील रोगांची पुस्तिका काढून दिली. “हे घ्या. फवारनीबी देली आहे.” सर खिन्न हसले आणि घरी आले.

आठवड्याने ते परत दुकानात गेले, ते दुकानदाराची माफी मागायला. कारण या भाषेचा जनक ग्रेडन होअर याने तिचे नाव खरोखरच तांबेऱ्याच्या बुरशीवरून ठेवले आहे. ही बुरशी जगण्याच्या बाबतीत भलतीच चिवट. गव्हाच्या खोडावरचा तांबेरा दोन वेगवेगळ्या झाडांवर आयुष्य काढतो आणि पाच प्रकारचे बीजाणू तयार करतो. आपली भाषाही अशीच न मरणारी असावी, हा होअरचा विचार. २००६ साली व्हँकुव्हरमध्ये त्याच्या इमारतीची लिफ्ट सॉफ्टवेअरच्या चुकीने बंद पडली, त्याला एकविसाव्या मजल्यापर्यंत जिने चढावे लागले, आणि त्या वैतागातून त्याने भाषा रचायला घेतली. २०१५ साली तिची पहिली पक्की आवृत्ती आली. धामणगावात एकवीस मजली इमारत नसल्यामुळे ती इथे पोचायला वेळ लागला, असे सरांचे मत.

“म्हंजे मी बरोबरच देलतं,” दुकानदार म्हणाला. ती पुस्तिका त्याने पुन्हा काढली आणि या वेळी पैसे घेतले.

रस्टचा मुख्य नियमही सरांनी त्याला समजावून सांगितला. प्रत्येक चिजेला एका वेळी एकच मालक. वाचायला ती कितीही जणांना उसनी द्या. पण कोणाला तिच्यात फेरफार करायचा असेल, तर तेवढा वेळ ती त्याच्या एकट्याच्याच हाती. दुसऱ्याने डोकावायचेही नाही. मालक संपला की चीजही संपली. नियम मोडला तर प्रोग्राम सुरूच होत नाही.

“उधारीची वहीच म्हना की.”

“नाही हो. उधारी थकली तरी तुमचे दुकान उघडते.”

दिवाळीला पुण्याहून भाचा आला, तेव्हा एक भयंकर गोष्ट उघड झाली. स्टीव्ह क्लाबनिक आणि कॅरल निकोल्स यांचे ‘द रस्ट प्रोग्रामिंग लँग्वेज’, ज्याच्या चिठ्ठ्या सर दोन वर्षे वाटत होते, ते त्यांच्या घरीच होते. रस्ट संगणकावर चढवली की ते अख्खे पुस्तक तिच्याबरोबर फुकट येते. एक आज्ञा द्यायची, इंटरनेट नसले तरी पडद्यावर उघडते. भाच्याने उघडून दाखवले. सर बराच वेळ पडद्याकडे पाहत राहिले.

“पडद्यावर समासात पेन्सिल चालत नाही,” शेवटी ते म्हणाले.

“पुस्तक घरातच आहे म्हणता, मग उद्या बर्डीला कशाला?” सरांच्या पत्नीने आतून विचारले.

“विचारून येतो.”

आणि एका बर्डीच्या दुकानदाराने खरेच मागवून दिले! नो स्टार्च प्रेसची छापील प्रत, जड, नवा वास असलेली. सरांनी तिला आधी खाकी कव्हर घातले, लेबल लावले, मग वाचायला घेतले. आठव्या प्रकरणात अक्षरांविषयी वाचत असता ते थबकले, पुस्तक बगलेत मारून चपला घालून दुकानात.

“हे वाचा.”

दुकानदाराने चष्मा लावला. सगळ्या इंग्रजीच्या मधोमध देवनागरीत छापले होते, नमस्ते. तीस वर्षांत सरांनी दाखवलेली, त्याला वाचता आलेली ही पहिली ओळ. सरांनी सांगितले, की पुस्तकाच्या हिशेबाने हा शब्द चार अक्षरांचा, संगणकाच्या लेखी सहा खुणांचा आणि आतल्या साठवणीत अठरा बाइटांचा. कारण देवनागरीची एकेक खूण तीन बाइट खाते.

“पन नमस्ते काहून?” दुकानदाराला ते पटेना. “रामराम घ्याचं ना.”

सरांनी बिलबुकाच्या मागच्या कोऱ्या पानावर मांडले. र, काना, म, पुन्हा र, काना, म. खुणा सहा. साही त्रिक अठरा. दिसायला अक्षरे चार. तंतोतंत तेच. दोघांनी एकमेकांकडे पाहिले. दुकानदाराने पोऱ्याला दोन चहा आणायला पिटाळले. गिऱ्हाइकाला चहा पाजल्याची त्या दुकानातली ही पहिलीच नोंद असावी.

“चला,” चहा संपवत तो म्हणाला, “सुटलो मी आता. भेटलं एकदाचं तुमचं पुस्तक.”

सरांनी कप खाली ठेवला आणि खिशातून घडी घातलेली चिठ्ठी काढली. अँड्र्यू केली नावाच्या अमेरिकन तरुणाने २०१६ साली जगापुढे आणलेली भाषा. “झिग,” सर म्हणाले. “आहे का?”

दुकानदाराने क्षणभर विचार केला. “झिंक आपल्याकडे नाई सर. पोऱ्या, सरांले समोरच्या कृषी केंद्रात घेऊन जाय. सल्फेटवालं भेटते तिथं.”

सर दुरुस्ती करायला तोंड उघडणार होते. पण तांबेऱ्याचा अनुभव ताजा होता. त्यांनी पिशवी खांद्याला अडकवली आणि पोऱ्याच्या मागोमाग रस्ता ओलांडला.