प्लॅस्टिकचे शिरस्त्राण : बांधणी, रंगकाम आणि बाबा

डिसेंबरात शाळांची स्नेहसंमेलने सुरू होतात, मग 26 जानेवारी येतो, मग 19 फेब्रुवारीची शिवजयंती. या काळात बीड जिल्ह्यात घरोघरी जेवढी शिरस्त्राणे तयार होतात, तेवढी निजामाच्या शस्त्रागारातही नसतील. पूर्वी हे काम पुठ्ठा, खळ आणि सोनेरी कागदावर भागत असे. मधली काही वर्षे थर्माकोलची गेली. 23 मार्च 2018 च्या अधिसूचनेने सजावटीच्या थर्माकोलवर राज्यात बंदी आली. आता घरपोच किट येते : दोन अर्ध्या कवट्या, दोन गालपट्ट्या, एक नाकपट्टी, तुऱ्याची नळी आणि ज्यातली चित्रे तिसऱ्या पायरीवरून थेट नवव्या पायरीवर उडी मारतात असा एक कागद. त्या मधल्या पायऱ्या भरून काढणे हा प्रस्तुत मार्गदर्शनाचा हेतू आहे. सिद्धान्त एकच : शिरस्त्राण आतून बाहेर बांधावे. आधी डोके, मग अस्तर, मग कवच आणि अगदी शेवटी सोनेरी रंग. प्रत्यक्षात बहुतेक घरांत नेमके उलटे होते, आणि त्याचे कारण प्लॅस्टिकात नसून बाबांत आहे.

बाबा ही संज्ञा इथे व्यापक अर्थाने घ्यावी. तीत मामा, काका आणि शेजारचे इंजिनिअरही मोडतात. एरवी मुलाची तुकडी विचारली तर आईकडे पाहणारा हा गृहस्थ किटचा खोका दारात आला की पहिल्यांदा कात्री मागतो. खोक्यावर एका रुबाबदार योद्ध्याचे चित्र असते. बाबा त्या चित्राकडे पाहून कामाला लागतात आणि शेवटपर्यंत चित्राकडेच पाहत राहतात. ज्याच्या डोक्यावर हे चढायचे आहे तो तिसरीतला इसम बाजूला उभा राहून फक्त टेप कापून देतो. मुलाचे डोके मोजायला दर्जीकाम येणारी आई पुढे आली तर ‘नंतर बघू’ असे उत्तर मिळते. नंतर म्हणजे कार्यक्रमाच्या सकाळी.

तेव्हा टेप घ्यावी आणि भुवयांच्या जरा वरून, कानांच्या वरून, मागच्या फुगवट्यावरून डोक्याचा घेर मोजावा. आठ-दहा वर्षांच्या मुलाचा तो साधारण 52 सेंटिमीटर भरतो. किट मोठ्या माणसाच्या मापाचे असते. कवटीचा आतला घेर समजा 64 भरला, तर फरक 12 चा. या फरकाला 6.28 ने भागावे, म्हणजे सगळीकडून किती जाडीचे अस्तर लागेल ते मिळते : इथे जेमतेम दोन सेंटिमीटर. शाळेत शिकलेला वर्तुळाचा परीघ आयुष्यात कधी उपयोगी पडतो, असा प्रश्न मुले विचारतात. त्याचे उत्तर हे आहे. गादीवाल्याकडे फोमचे तुकडे मिळतात. त्यांची अखंड पट्टी लावू नये. चार-पाच वेगळे तुकडे, मध्ये बोटभर मोकळी जागा ठेवून लावावेत, म्हणजे हवा खेळते. फोमवर जुन्या सुती बनियनचे कापड चढवावे. हे गणित टाळून डोके आणि कवटी यांच्यामध्ये टॉवेल कोंबण्याची जी पद्धत रूढ आहे, तिच्यात टॉवेल दुसऱ्याच कडव्याला कपाळावर उतरतो आणि मावळा आंधळा होतो.

आता पुरावा. महाराष्ट्राच्या इतिहासातले सर्वांत कामाला आलेले शिरस्त्राण बघायला कोणालाच मिळाले नव्हते. 10 नोव्हेंबर 1659 ला प्रतापगडाखाली अफजलखानाच्या भेटीला जाताना शिवाजीमहाराजांनी पागोट्याखाली पोलादी कड्यांची टोपी आणि साध्या अंगरख्याखाली चिलखत घातले होते, असे ग्रँट डफनेही लिहिले आहे. म्हणजे बाहेर कापड आणि आत पोलाद. आपण बाहेर सोने फासतो आणि आत काही ठेवत नाही. जे लोक उघड लोखंडी टोप घालत, तेही तो उघड्या डोक्यावर घालत नसत. आत जाड कापडाचे किंवा शिवलेल्या गादीचे अस्तर असे, कारण तलवारीचा वार लोखंड अडवते, पण त्याचा दणका अस्तर सोसते. मग प्लॅस्टिकच्या टोपावर तर वारही पडणार नसतो, त्याला अस्तराची काय गरज, हा आक्षेप बाबा हटकून घेतात. शिवाय प्रवेश सगळा पाच मिनिटांचा.

प्रवेश पाच मिनिटांचा असतो हे खरे. पण टोप पाच मिनिटांसाठी घातलेला नसतो. पत्रिकेवर वेळ सकाळी 10 ची असते, म्हणून मुले नवाला सजवून रांगेत बसवली जातात. प्रमुख पाहुणे आधीच्या दोन गावांत सत्कार स्वीकारून एकच्या सुमारास येतात. मग दीपप्रज्वलन, प्रतिमापूजन, स्वागतगीत, शाल, श्रीफळ, प्रास्ताविक आणि ‘मी तुमचा जास्त वेळ घेणार नाही’ या वाक्याने सुरू होणारे भाषण. या सगळ्या काळात मावळे मंडपाच्या कडेला, जिथे सावली संपते तिथे, टोप घालून बसलेले असतात, कारण काढला तर हरवेल असे बाईंनी बजावलेले असते. आपल्याकडे फेब्रुवारीत दुपारचे ऊन चांगलेच लागते आणि प्लॅस्टिक घाम पीत नाही. अस्तर वारासाठी नसतेच. ते पाहुण्यांसाठी असते. मुख्याध्यापकांनी भाषणे आवरती घेतली तर हा सबंध परिच्छेद रद्द समजावा.

कवट्या कापण्याकडे वळू. किटचे भाग साच्यातून आलेले असतात. त्यांच्या कडेला फालतू प्लॅस्टिकची झालर असते आणि सगळ्यावर एक तेलकट हात असतो. आधी भांड्याच्या साबणाने धुऊन कोरडे करावे, नाहीतर पुढे रंग पापुद्र्याने निघतो. झालर कात्रीने कापू नये. कटरने एकाच रेषेवर चार-पाच वेळा हलक्या हाताने ओढून चर पाडावी आणि मग झालर वाकवावी. ती आपसूक तुटते. रेषेबाहेर दोन मिलिमीटर राखावेत, ते नंतर घासून काढता येतात. कमी कापलेले पुन्हा कापता येते, जास्त कापलेले चिकटवावे लागते, एवढे तत्त्वज्ञान इथे पुरे. जोडताना फेव्हिकॉल वापरू नये, तो लाकडाकागदासाठी आहे, प्लॅस्टिकवर तो नुसता वाळतो. फेव्हिक्विक धरते, पण कडेला पांढरी झाक सोडते आणि पडल्यावर तडकते. त्यातून बाबांची दोन बोटे एकमेकांना चिकटण्याचा प्रसंग बहुधा याच टप्प्यावर येतो. चपलांचे रबर सोल्युशन काही प्लॅस्टिकांना विरघळवते, थर्माकोलला तर खाऊनच टाकते, तेव्हा आधी वाया गेलेल्या तुकड्यावर लावून पाहावे. दोन नळ्यांचा एकत्र कालवायचा चिकट मसाला सर्वांत खात्रीचा. बाहेरून मास्किंग टेपने दोन्ही कवट्या एकमेकींना धरून ठेवाव्यात, आतून जोडावर मसाल्यात भिजवलेली कापडाची पट्टी बसवावी आणि रात्रभर हात लावू नये. बाहेरची फट गाडीच्या गॅरेजात मिळते त्या लांबीने भरावी. लांबीत हार्डनर किती टाकायचे ते गॅरेजवाल्या पोराला विचारावे. त्याला ते नेमके कळते आणि बाबांना कळत नाही, हे बीडच्या सुभाष रोडवर कोणीही सांगेल. जास्त टाकले तर हातातल्या पत्र्यावरच दगड होतो. वाळल्यावर आधी 220 चा, मग 400 चा पॉलिश पेपर पाण्यात भिजवून फिरवावा.

मानेवरच्या कड्यांच्या जाळीसाठी किटमध्ये काही नसते. कांद्याची जाळीदार गोणी घ्यावी, काळी करावी, वरून चंदेरी रंगाचा कोरडा ब्रश फिरवावा. तीन हातांवरून ती लोखंडाची वाटते आणि शाळेचे प्रेक्षक तीन हातांपेक्षा जवळ बसत नाहीत. गालपट्ट्यांना कानापाशी हात-ड्रिलने पाच-सहा भोके पाडावीत. हे फार महत्त्वाचे. टोपातल्या मुलाला पडद्यामागून बाई काय सांगतात ते ऐकू येत नाही, म्हणून तो दुसऱ्याच्या वाक्यावर ‘हर हर महादेव’ म्हणतो आणि खान वेळेआधी मरतो. नाकपट्टीचे म्हणाल तर ती काढूनच टाकावी. तिच्यामुळे मुले डोळे नाकाशी नेतात.

दुसरा आक्षेप असा की हे सगळे मुलाच्या हाती दिले तर तो बिघडवून ठेवील. ठेवील. कटर आणि मसाला मोठ्यांनीच हाताळावा, त्याबद्दल वाद नाही. पण धुणे, घासणे, फोम कापणे, गोणी रंगवणे, तुरा लावणे यांतले काहीही तिसरीतल्या मुलाला जमते, आणि वाकडे झाले तरी चालते, कारण खऱ्या टोपांना पोचे असत. ज्या टोपावर एकही पोचा नाही तो कोठारात राहिलेला टोप. बाबांना गुळगुळीत हवे असते, कारण त्यांना ते व्हॉट्सॲपवर टाकायचे असते. मुलाला ते डोक्यात नीट बसायला हवे असते. एकाच वस्तूकडून या दोन अपेक्षा आहेत, आणि वस्तू ज्याच्या डोक्यावर जाणार त्याचे मत निर्णायक मानावे, एवढेच म्हणणे आहे.

आणि ‘पालकांनी वेशभूषा तयार करून द्यावी’ ही जी सूचना शाळेच्या गटावर रात्री साडेनऊला येते, तिच्याविषयी थट्टा सोडून बोलायला हवे. बीड हा ऊसतोड मजुरांचा जिल्हा आहे. दिवाळीनंतर पाटोदा, शिरूर, आष्टी, केज, धारूर, वडवणीकडची माणसे कोयते घेऊन पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात कारखान्यांवर जातात, ती मार्च-एप्रिलपर्यंत परत येत नाहीत. मुले आजीजवळ किंवा हंगामी वसतिगृहात राहतात. नेमके त्याच महिन्यांत आपण संमेलने भरवतो. कोणत्या पालकांनी टोप करून द्यावा? फडात असलेल्या? किट परवडते की नाही हा प्रश्न नंतरचा. ते जोडायला घरी माणूसच नाही. यावर ‘मग अशा मुलांना समूहगीतात घ्या’ हा तोडगा काही ठिकाणी निघतो आणि तो वाईट आहे. शाळेने दोन किटे आणावीत, चित्रकलेच्या तासांना वर्गाने मिळून जोडावीत, टोप शाळेच्या कपाटात ठेवावेत आणि ज्याचा प्रवेश असेल त्याने घालावेत. आत फोमचे तुकडे वेलक्रोने लावले की एकच टोप तिसरीलाही चालतो, सातवीलाही. आतून बाहेर बांधण्याचा हा सर्वांत मोठा फायदा आहे. बाबांच्या टोपात तो मिळत नाही, कारण तो टोप एका सकाळपुरता असतो आणि संध्याकाळी माळ्यावर जातो.

मावळ्यांना एवढे टोप कशाला, हाही एक रास्त आक्षेप. मराठी फौजेचा साधा शिपाई बहुतेक मुंडाशावर लढला. लोखंडी टोप सरदारांच्या वाट्याला, आणि मोगल-निजामाकडे अधिक. त्यामुळे इतिहासाशी इमान राखायचे तर वर्गातला उत्तम टोप खानाला किंवा निजामाच्या सरदाराला द्यावा लागतो. शत्रू व्हायला एरवी कोणी तयार नसते. टोप मिळणार म्हटल्यावर रांग लागते. प्रत्येक शाळेने प्रतापगडच करायचा असेही नाही. गेवराई तालुक्यात गोदाकाठी राक्षसभुवन आहे. तिथे 10 ऑगस्ट 1763 ला अठरा वर्षांच्या माधवराव पेशव्याने निजामाच्या फौजेचा पराभव केला आणि निजामाचा दिवाण विठ्ठल सुंदर मारला गेला. घरच्या जिल्ह्यातली लढाई आहे, दोन्ही बाजूंना मराठी बोलणारे सरदार आहेत, गोदावरी आहे आणि चुलत्या-पुतण्याची भानगड आहे. नाटकाला आणखी काय लागते? शिवाय अठरा वर्षांचा नायक असल्यामुळे दहावीतल्या मुलाला दाढी चिकटवावी लागत नाही.

उरला रंग. आधी प्रायमरचा एक हात, मग काळा, मग चंदेरी किंवा पितळी. सोनेरी फक्त कडांना आणि तुऱ्याच्या नळीला. सबंध टोप सोनेरी केला की तो देवळाचा कळस दिसतो. स्प्रे वीतभर अंतरावरून, हात सतत हलता ठेवून, पातळ मारावा. एका दमात जाड मारला की ओघळ येतात. शेवटी काळा रंग पाणीदार करून खाचांत भरावा आणि वरून फडक्याने पुसून घ्यावा, म्हणजे जुनाट धातूची छटा येते. हे काम गच्चीवर, तोंडाला रुमाल बांधून करावे आणि कार्यक्रमाच्या किमान दोन दिवस आधी संपवावे. आदल्या रात्री मारलेला सोनेरी स्प्रे सकाळी वाळलेला दिसतो, पण मुलाच्या घामाने हळूहळू केसांत उतरतो. ओला असेपर्यंत तो खोबरेल तेलाने निघतो. वाळला तर न्हाव्याकडे न्यावे लागते, आणि स्नेहसंमेलनाच्या दुसऱ्या दिवशी तिथे गर्दी असते.