ट्राय ज्याचा, किक त्याची

बारच्या वरून चेंडू मारला की कोलकात्यात शिव्या पडतात. मोहन बागान की ईस्ट बंगाल, यावरून सोयरिकी अडतील अशा गावात दुसरं काय होणार? त्यामुळे डमडमच्या पोरांना रग्बीची किक शिकवायची, तर आधी त्यांचे चांगले संस्कार पुसावे लागतात. "वरून मार रे!" म्हटलं की ती माझ्याकडे अशी बघतात, जणू मी त्यांना कॉपी करायला सांगतोय.

आमचे खांब म्हणजे पूजेच्या मांडवातले उरलेले बांबू. नियमाप्रमाणे दोघांत ५.६ मीटर अंतर आणि ३ मीटरवर बार. बारच्या जागी दोरी. ती मधोमध झोल खाते आणि बेरकी पोरं नेमका तिथेच नेम धरतात.

सुरुवातीला मी व्याख्यानं दिली. उभा पाय कुठे, नजर कुठे, वगैरे. पण डमडममध्ये शिकवणाऱ्याचं वाक्य अर्धंच राहतं, उरलेलं उतरणारं विमान घेऊन जातं. शेवटी व्याख्यान बंद केलं आणि सामन्यात एकच नियम घातला: ट्राय ज्याचा, किक त्याची.

ट्रायनंतरची दोन गुणांची किक, चेंडू जिथे टेकवून ट्राय केला त्याच्या समोरच्याच रेषेवरून मारायची असते. पूर्वी पोरं कोपऱ्यात चेंडू टेकवून नाचत सुटायची. आता कोपऱ्यातून बघतात तर दोन बांबूंमध्ये जेमतेम फट! परवा एक बुटका तिथे उभा राहिला, डोकं खाजवलं, मग रेषेवरून मागे मागे सरकत गेला. फट रुंदावली. हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं, आणि भूमितीत तर तो नापास आहे. किक चुकली, तो भाग वेगळा.

हा खेळ या शहराला नवा नाही, हे पोरांना पटतच नाही. १८७२च्या नाताळात इथे सामना झाला, तेव्हा नुसत्या ट्रायला काही किंमत नव्हती. त्यातून फक्त किकचा हक्क मिळायचा. पुढे इथला रग्बी क्लब बंद पडला, तेव्हा सभासदांनी शिलकीतले चांदीचे रुपये वितळवून करंडक घडवला: नागांच्या मुठी, झाकणावर हत्ती. १८७९पासून इंग्लंड आणि स्कॉटलंड त्यासाठी भांडतात. १९८८ साली तर सामन्यानंतर एडिनबराच्या रस्त्यावर खेळाडूंनी करंडकालाच लाथा घालून तो चेपवला.

पोरं पहिल्यांदाच लक्ष देऊन ऐकत होती. बुटक्यानं हात वर केला.

"सर, मग ट्राय कुणी केला होता?"