टोमॅटोची शिस्त

अभ्यासात लक्ष लागेना, म्हणून १९८० च्या दशकाच्या अखेरीस फ्रान्चेस्को चिरिल्लो या इटलीतल्या विद्यार्थ्याने स्वयंपाकघरातला टोमॅटोच्या आकाराचा टायमर टेबलावर ठेवला. २५ मिनिटं काम, ५ मिनिटं विश्रांती. चार फेऱ्या झाल्या की मोठी सुट्टी. टायमर, कागद, पेन्सिल. बस्स.

एवढ्यावर भागलं तर तो आजचा कामसू माणूस कसला!

तो आधी तीन अ‍ॅप्स घेतो, त्यांची तुलना करणारे व्हिडिओ पाहतो, मग कामांना रंग देतो. ‘वीजबिल भरणे’ जांभळ्यात, ‘आईला फोन’ पिवळ्यात. टायमर लावायला फोन उचलावा, तर सोसायटीच्या ग्रुपवर टँकरच्या पैशांवरून जुंपलेली. विश्रांतीची ५ मिनिटं मात्र तो कधी चुकवत नाही.

बिलाची मुदत कालच टळली. अ‍ॅपने मात्र सलग सात दिवसांच्या शिस्तीबद्दल त्याला पदक दिलंय.