अलॉय व्हील धुण्याचा श्रीगणेशा

सर्वप्रथम अभिनंदन. चाकं देखणी आहेत एवढ्याच कारणासाठी तुम्ही गाडीचं वरचं मॉडेल घेतलंत आणि आता त्या चाकांचा मूळ रंग कोणता होता, यावर घरात मतभेद आहेत. म्हणजे तुम्ही या अभ्यासक्रमाला पात्र आहात.

पहिला धडा निरीक्षणाचा. गाडीपाशी उकिडवे बसा (गुडघ्यांची परवानगी आधी घ्यावी). पुढची चाकं मागच्यांपेक्षा काळी दिसतील. याचं खापर महापालिकेच्या रस्त्यांवर फोडू नका, त्यांच्या खात्यावर आधीच पुष्कळ जमा आहे. ब्रेक दाबला की गाडीचा भार पुढे येतो आणि थांबवण्याचं बरंचसं काम पुढच्या डिस्कना करावं लागतं. डिस्क आणि पॅड झिजून जी तापलेली भुकटी उडते, ती चाकावर बसते. आपल्याकडच्या बऱ्याच छोट्या गाड्यांना मागे ड्रम ब्रेक असतात. त्यांची घाण बरीचशी ड्रममध्येच राहते. या भुकटीत लोखंड असतं. पावसाळ्यात ते गंजतं आणि साबणाला दाद न देणारे तपकिरी ठिपके उमटतात.

दुसरा धडा साहित्याचा. तुम्ही आता उत्साहाने घरात जाल आणि संडास साफ करायची बाटली घेऊन याल. ती जागच्या जागी ठेवून या. त्यातलं हायड्रोक्लोरिक ॲसिड चाकावरचं पारदर्शक लॅकर आणि त्याखालचं ॲल्युमिनियम, दोघांनाही खातं. चाक लगेच उजळतं, हे खरं. तिथेच माणूस फसतो. पांढुरके डाग सावकाश येतात. तारेची घासणी, काथ्या, चिंच आणि पितांबरीही परत न्या. देवघरातली समई आणि गाडीचं चाक यांना एकाच नियमाने वागवता येत नाही. दोन बादल्या, गाडीचा शॅम्पू, मऊ ब्रश आणि फक्त चाकांसाठी राखलेलं फडकं एवढं पुरे. जुना टूथब्रशही चालतो. मात्र तो जुना आहे, यावर ज्याचा ब्रश आहे त्याचंही एकमत हवं.

एव्हाना बी विंगमधले काका येतील. ते रॉकेल सुचवतील. 'हो काका' म्हणा आणि पाणी ओता.

चाक हाताला गार लागलं तरच सुरुवात करा. तापलेल्या चाकावर शॅम्पू जागीच वाळतो आणि डाग पाडतो. आधी चाकं, मग बाकी गाडी. नाहीतर धुतलेल्या दारावर काळे शिंतोडे उडतात. एकेक चाक पूर्ण करा: आधी नुसत्या पाण्याने माती-वाळू घालवा, कारण वाळूसकट घासणं म्हणजे पॉलिश पेपर फिरवणं. मग शॅम्पू, आणि तरीही ठिपके राहिलेच तर लोखंड विरघळवणारा फवारा. तो मारल्यावर चाकावरून जांभळे ओघळ येतील आणि कुजक्या अंड्यांचा वास सुटेल. तळमजल्यावरच्या खिडक्या धडाधड बंद होतील. घाबरू नका, औषध लोखंडाला लागलं असा याचा अर्थ. बाटलीवर लिहिलेली मिनिटं पाळा आणि ते वाळायच्या आत भरपूर पाण्याने धुऊन टाका. हातमोजे घाला.

सोसायटीला बोअरवेलचं पाणी असेल तर चाक तसंच वाळू देऊ नका. क्षारांचे पांढरे ठिपके पडतात आणि सकाळची मेहनत फुकट जाते. लगेच कोरडं पुसा. दसऱ्याला चाकांना लावलेलं हळदकुंकू आणि चिरडलेल्या लिंबाचा रसही सोनं वाटून झालं की धुवावा. दिवाळीपर्यंत जपून ठेवायची ती वस्तू नव्हे. फुटपाथला घासून पडलेले ओरखडे मात्र कुठल्याच शॅम्पूने जात नाहीत. ते गॅरेजवाल्याचं काम, आणि शक्यतो गाडी लावणाऱ्याचं नाव त्याला सांगू नये.

शेवटची सूचना थट्टेची नाही. चाक लखलखलं की आतली डिस्क कळकट वाटते आणि टायरच्या पॉलिशचा एक हात तिच्यावर मारायचा मोह होतो. डिस्कवर तेल, मेण, पॉलिश काहीही लागलं तर ब्रेक धरत नाही. धुतल्यावर तिच्यावर आलेला नारिंगी गंज तसाच राहू द्या. गेटबाहेर गाडी हळू काढा आणि दोन-चार वेळा ब्रेक दाबा, तो आपोआप जातो.