क्युसेककाका

"सहाशे ऐंशी, आणि उतरतंय."

फोन उचलल्यावर 'हॅलो'च्या जागी असला आकडा फेकणारा माणूस तुमच्याही ओळखीत असणारच. कुणाच्या वाट्याला शेअर बाजाराचा आकडेवाला येतो, कुणाच्या उपाशीपोटी साखरेचा, कुणाच्या मुलीच्या पर्सेंटाइलचा. आमच्या क्लीव्हलंडच्या मराठी मंडळाच्या वाट्याला पाण्याचा आला. सहाशे ऐंशी म्हणजे रॉकी नदीतून त्या घटकेला वाहणारं पाणी, क्युसेकमध्ये. तुम्ही विचारलेलं नसतं. तुम्ही विचारलेलं असतं ते एवढंच, की काका, शनिवारी गणपतीच्या हॉलच्या किल्ल्या कुणाकडे आहेत?

काका नारायण पेठेतले. निवृत्त मेकॅनिकल इंजिनिअर. चाळीसेक वर्षांपूर्वी ओहायोत आले आणि कधीतरी एका गोऱ्या सहकाऱ्याबरोबर स्टीलहेड धरायला गेले, ते परत आलेच नाहीत. म्हणजे देहाने आले. स्टीलहेड म्हणजे रेनबो ट्राउटच, फक्त सरोवरात जाऊन मोठा झालेला आणि शरदात नदीत परतणारा. हा मासा मूळचा पॅसिफिकच्या बाजूचा. १८७६ साली तो मिशिगनमध्ये आणून सोडला. ओहायोचं मत्स्यखातं आजही मिशिगनहून त्याची अंडी आणतं, वर्षभर पिल्लं वाढवतं आणि वसंतात ती वीतभर झाली की रॉकी, शॅग्रिन, ग्रँड अशा नद्यांत सोडतं. तिथून ती ईरी सरोवरात उतरतात. दोन उन्हाळे काढून परततात तेव्हा दोन फुटांची झालेली असतात. "कॅलिफोर्नियाहून मिशिगन, मिशिगनहून ओहायो. आपल्यासारखेच रे, फक्त ग्रीन कार्डाची भानगड नाही!" हा विनोद काका प्रत्येक नव्या माणसाला ऐकवतात आणि जुनी माणसं प्रत्येक वेळी चहा आणायला उठतात.

पण मुख्य आजार क्युसेकचा. रॉकीच्या तळाशी पापुद्रे निघणारा शेल खडक आहे, पाऊस मुरत नाही. नदी एका रात्रीत चढते आणि दोन-तीन दिवसांत उतरते. चढली की गढूळ, त्यात माशाला काही दिसत नाही. फार उतरली की तळ दिसतो, आणि तळ आपल्याला दिसला की आपण माशाला दिसतो. या दोन्हींच्या मधे एक-दोन दिवस पाणी हिरवट असतं, दोनशे ते चारशे क्युसेकच्या आसपास, आणि तेवढाच काय तो काकांचा पर्वकाळ. नदीवर सरकारी मोजणीयंत्र आहे. त्याचा आकडा दर पंधरा मिनिटांनी फोनवर दिसतो. म्हणून काकाही दर पंधरा मिनिटांनी फोनवर दिसतात.

हे नदीपुरतं राहिलं असतं तर माझी तक्रार नव्हती. पण एखादं माप हातात आलं की माणूस सगळं जग त्याच मापाने मोजायला लागतो. मंडळाच्या कार्यक्रमानंतर पार्किंगमधून गाड्या निघायला लागल्या की काका दारात उभे राहून "विसर्ग वाढवा, विसर्ग वाढवा!" म्हणून ओरडतात. एका लग्नात आमरसाच्या टेबलाशी रांग अडली तेव्हा त्यांनी वाढप्याला दरवाजे अर्ध्या फुटाने उचलायला सांगितलं. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेसाठी दवाखान्यात होते तेव्हा नर्सला सलाइनचा वेग विचारला आणि तो क्युसेकमध्ये धड मांडता येत नाही म्हणून दिवसभर खट्टू होते. काकूंचा राग तर रोजच्या बातमीपत्रात असतो. "आज येऊ नकोस. अकराशे आहे आणि गढूळ." दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा फोन. "साडेचारशे. दुपारपर्यंत चहा मिळेल." एकदा हे काकूंनी ऐकलं. त्या आठवड्याचे आकडे काकांनी कधीच सांगितले नाहीत.

काका शुद्ध शाकाहारी. केकमध्ये अंडं आहे का हे विचारल्याशिवाय वाढदिवस साजरा होत नाही. कोंबडीचं अंडं त्या घरात आजवर आलेलं नाही, माशाची मात्र किलोवारी असतात. तेच स्टीलहेडचं आवडतं आमिष. काका ती बोरॅक्स लावून मुरवतात, केशरी-गुलाबी रंगवतात आणि फ्रिजमध्ये ठेवतात. कशात, तर श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात, वरचं लेबल शाबूत ठेवून. एका दिवाळीत आमच्या खजिनदारांनी पुऱ्यांबरोबर घ्यायला तो डबा काढला, आत बघितलं आणि "वा, यंदा बुंदीपण!" म्हणून ताटात दोन चमचे वाढून घेतले. काकूंनी ताट हिसकावलं नसतं तर त्या वर्षीचा ताळेबंद अधुराच राहिला असता.

या अंड्यांच्या पुरचुंड्या काकू बांधतात. हे मी डोळ्यांनी पाहिलंय. जाळीदार कापडाचा चार बोटांचा चौकोन, मधे आठ-दहा अंडी, चारी कोपरे चिमटीत धरायचे, हलका पीळ द्यायचा आणि मग ताणला जाणारा बारीक दोरा सात-आठ वेळा गुंडाळून खेचून तोडायचा. गाठ मारायचीच नाही, दोरा स्वतःलाच चिकटून बसतो. जास्त आवळलं तर अंडी फुटतात, सैल राहिलं तर पाण्यात सुटतात. मोदकाच्या कळ्या पाडणारी बोटं ती, काकांपेक्षा दुप्पट वेगाने चालतात. "बायको बांधते त्यालाच मासा लागतो," हे काका कबूल करतात, पण काकू स्वयंपाकघरात गेल्यावर.

दिवाळीचा कार्यक्रम ऑक्टोबर-नोव्हेंबरात येतो, म्हणजे ऐन मोसमात, ही मंडळाची कायमची अडचण. काकांकडे रंगमंचाची प्रकाशयोजना. एका वर्षी सकाळी आकडा तीनशे दहा होता. पहिली घंटा झाली, दुसरी झाली, काकांचा पत्ता नाही. तिसऱ्या घंटेला विंगेतून चरक-चरक असा आवाज आला. काका झब्बा घालून आले होते, पण झब्ब्याखाली छातीपर्यंतचे रबरी वेडर्स तसेच. आमच्या एकांकिकेत नायिकेचा बाप मरतो त्या प्रवेशात वरून निळा उजेड हवा होता. काकांनी हिरवा टाकला. नंतर विचारलं तर म्हणाले, "पाण्याचा रंग डोळ्यांतून गेलाच नव्हता रे."

मला त्यांनी एकदा ओढून नेलं, थँक्सगिव्हिंगनंतरच्या शनिवारी, उजाडायच्या आत. हे तेच क्लीव्हलंड, जिथे १९६९ साली नदीला आग लागली होती. त्या कायाहोगाच्या शेजारच्या रॉकीत, झाडं निष्पर्ण झालेली असताना, माझे पाय बधिर होत होते. रॉडच्या कड्यांमध्ये बर्फ धरत होता. दोरा अडकला की काका रॉडचं टोक पाण्यात बुडवायचे, नाहीतर कडी सरळ तोंडात धरून बर्फ वितळवायचे. सत्तरीचा माणूस सकाळी साडेसहाला मासेमारीची काठी चोखतोय, हे दृश्य पुण्यात कुणी पाहिलं असतं तर काय झालं असतं याचा विचार मी करत होतो.

आणि मग मला एक गोष्ट दिसली. वळणापलीकडून तीन-चार म्हातारे गोरे आले. दाढीला दव, तोंडात विझलेली सिगार. त्यांनी काकांना 'गुड मॉर्निंग' म्हटलं नाही. "व्हॉट्स द नंबर, गेज?" म्हणाले. गेज, म्हणजे मोजणीयंत्र. नदीवर काकांचं हेच नाव. काकांनी आकडा सांगितला, काल रात्रीचा सांगितला, दुपारपर्यंत किती होईल तेही सांगितलं. ती माणसं थांबून, मान डोलावत, नीट ऐकत होती. आमच्या मंडळात काकांचं इतकं कुणी कधी ऐकलेलं नाही. मीही नाही.

मासा लागला तो उजाडल्यावर तासाभराने. फ्लोट संथ चालला होता तो एकदम आत गेला. काकांनी काठी उचलली आणि समोरचं पाणी फुटून दोन फुटांची चांदी हवेत आली. रीळ किंचाळत होतं आणि काका, मी ओळखतो तेव्हापासून पहिल्यांदा, गप्प होते. आकडा नाही, विनोद नाही, 'बघ बघ'सुद्धा नाही. काठावर आल्यावर त्यांनी मासा वर काढलाच नाही. हात ओले करून पाण्यातच गळ सोडवला, एका हाताने शेपूट धरली, दुसरा तळवा पोटाखाली, तोंड प्रवाहाकडे. कुशीवर गुलाबी पट्टा, पाठीवर काळे ठिपके, कल्ले उघडमीट करताहेत. असे ते बर्फासारख्या पाण्यात उकिडवे बसून राहिले. माशाने स्वतःहून शेपूट झटकली तेव्हा हात काढला. मग म्हणाले, "तीनशे चाळीस." झालं. सुटकेचा निःश्वास मी टाकला की माशाने, सांगता यायचं नाही.

धरायचा आणि सोडायचा, हा प्रकार माझ्या आईच्या पचनी पडला नाही. आम्ही मालवणचे. आई इथे आली होती तेव्हा काकांनी तिला फोटो दाखवले. हा अठ्ठावीस इंची, हा तीस इंची, सगळे सोडले. आईने चष्मा काढला आणि विचारलं, "मासो सोडूचोच होतो, तर धरलात कित्याक?" काका हसले. पण आई गंभीर होती. तिच्या मते हा अन्नाचा अपमान होता आणि वर त्या माशालाही उगाच त्रास.

पुढच्या शनिवारी दुपारी दारात काका. हातात प्लास्टिकची पिशवी, शरीरापासून जितकी लांब धरता येईल तितकी लांब, आणि नजर शेजाऱ्याच्या गॅरेजकडे. आत एक मासा होता. ओहायोत मोसमात दिवसाला दोन ठेवता येतात. काकांनी इतक्या वर्षांत एकही ठेवलेला नव्हता. "वहिनींना दे," म्हणाले. "मारायचं काम मी केलं नाही हं, त्या सिगारवाल्याने केलं." मग जाता जाता, जिन्याच्या शेवटच्या पायरीवरून, "दोनशे नव्वदला लागला." आईने त्रिफळं आणि आमसूल घालून कढी केली. "सुरमय न्हय, पण ताजो आसा," असा निकाल दिला. मालवणात याहून मोठं प्रशस्तिपत्र मिळत नाही.

काका पावसाळ्यातही बंद पडत नाहीत. जूनपासून रॉकीत स्टीलहेड नसतो, म्हणून ते खडकवासल्यावर जातात. फोनवरच, अर्थात. मुठेत किती सोडलं, भिडे पूल पाण्याखाली गेला का, सगळं आम्हाला कळतं. चारशे क्युसेकला हुरळणारा माणूस तिथले हजारांचे आकडे वेगळ्याच आवाजात सांगतो. जुलै २०२४ मध्ये विसर्ग पस्तीस हजारांवर गेला, सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत घरांत पाणी शिरलं. काकांचा पुतण्या तिथेच राहतो. आकडा चढायला लागला तसा काकांनी त्याला क्लीव्हलंडहून फोन करून झोपेतून उठवलं. "गाडी काढ. आजीला वर ने." पुतण्या वैतागला, 'काकांचं सुरू झालं' असं बायकोला म्हणाला, आणि तरी गाडी काढली. आजीला वर नेलं. तासाभरात तळमजल्यावर पाणी आलं. त्या भागातली बरीच माणसं नंतर म्हणत होती की आम्हाला कुणी वेळेवर सांगितलंच नाही.

हे मला काकूंनी सांगितलं, पुरचुंड्या बांधता बांधता. आणि त्याच ओघात, दोरा तोडत, की १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं तेव्हा हे सहा वर्षांचे होते. नदीजवळच वाडा. वडील यांना खांद्यावर घेऊन निघाले, बाकी काही निघालं नाही. "तेव्हा कुठला आकडा आणि कुठला फोन," काकू म्हणाल्या आणि पुढचा चौकोन उचलला. काकांनी स्वतः हा विषय माझ्याशी कधी काढलेला नाही. मीही विचारलेलं नाही. हे ऐकून मी हळवा झालो आणि आता काकांचे फोन प्रेमाने उचलतो असं कुणी समजू नये. कामाच्या मीटिंगमध्ये "दोनशे ऐंशी, हिरवं!" ऐकलं की अजूनही डोकं उठतं.

यंदा मात्र डॉक्टरांनी त्यांना एकट्याने पाण्यात उतरायला बंदी केली आहे. गुडघा, शेवाळलेला शेल आणि थंड पाणी, तिन्ही एकत्र चालणार नाहीत म्हणाले. मला दर शनिवारी जमत नाही. तेव्हा क्लीव्हलंड-ॲक्रन परिसरातल्या मराठी वाचकांना विनंती, की नोव्हेंबर-डिसेंबरात पहाटे सहाला कुणी सोबतीला मोकळं असेल तर मंडळाकडे नाव द्यावं. वेडर्स काका देतील, डबा काकू देतील. तो श्रीखंडाचा असल्यास उघडण्याआधी विचारावं. मासे खाणाऱ्या उमेदवाराला प्राधान्य.